दीडशेवा वाढदिवस, आणि पुढचे तीन दिवस

२५ जून २०१९ला 'द व्हिंडिकेटर' हे दैनिक दीडशे वर्षांचं झालं. २८ जूनला, शुक्रवारी, मालकांनी जाहीर केलं की ३१ ऑगस्टला शेवटचा अंक निघेल. १४४ कर्मचारी आणि घरोघर अंक टाकणारी सुमारे २५० माणसं यांच्या हाती दोन महिने उरले.

हे दैनिक ओहायो राज्यातल्या यंगस्टाऊनचं. क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग यांच्या साधारण मधोमध, महोनिंग नदीच्या खोऱ्यात वसलेलं हे पोलादाचं शहर. गावकरी पेपरला 'व्हिंडी' म्हणत. तो बंद होणार ही बातमी अमेरिकेत देशभर गाजली, कारण एवढ्या आकाराच्या शहराला स्वतःचं एकही दैनिक उरू नये हे तोवर कुणी फारसं पाहिलं नव्हतं.

माझं या प्रकरणाकडे लक्ष गेलं ते एका आकड्यामुळे. स्थानिक पेपर का बंद पडतात असं विचारलं की उत्तर तयार असतं: इंटरनेट आलं, मोबाईल आला, लोकांनी वाचणं सोडलं. व्हिंडिकेटरच्या मालकांनी निवेदनात लिहिलं होतं की गेल्या २२ वर्षांपैकी २० वर्षं तोट्यात गेली. २०१९मधून २२ वजा केले की येतं १९९७. गूगल कंपनी सुरू झाली १९९८च्या सप्टेंबरात, फेसबुक २००४मध्ये. ज्याच्यावर खुनाचा आरोप ठेवायचा तो गावात पोचण्याआधीच रोगी अंथरुणाला खिळलेला होता.

मग नेमकं झालं काय?

एका घराण्याचा पेपर

१८६९ साली हे साप्ताहिक म्हणून निघालं, तेव्हा नाव होतं 'महोनिंग व्हिंडिकेटर'. १८८७मध्ये ते विल्यम माग यांच्या हाती आलं. माग आधी यंगस्टाऊनमधल्या जर्मन वाचकांसाठी जर्मन भाषेतला पेपर चालवत. भट्ट्यांवर काम करायला युरोपातून माणसांचे लोंढे येत होते आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत काहीतरी वाचायचं होतं, असा तो काळ. दोन वर्षांत व्हिंडिकेटर दैनिक झालं. तिथून २०१९पर्यंत, १३२ वर्षं, मालकी त्याच घराण्यात राहिली. शेवटच्या काळात प्रकाशक होत्या बेटी ब्राऊन जॅग्नो आणि कारभार पाहत होते त्यांचे चिरंजीव मार्क ब्राऊन.

घराण्याची मालकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावच्या पाटलाचा दरबार उभा राहतो, आणि तसं थोडंफार असतंही. पण मालक त्याच गावात राहतो, त्याच चर्चमध्ये जातो, त्याच दुकानात किराणा घेतो, याचा एक परिणाम होतो. १९२०च्या दशकात कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेने यंगस्टाऊनमध्ये इतका जोर धरला की १९२३मध्ये त्यांच्या पाठिंब्यावर महापौर निवडून आला. वाचकांतलेच पुष्कळ लोक क्लॅनच्या बाजूचे असताना व्हिंडिकेटरने त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली. असं करताना खप पडण्याची भीती असते, आणि ती भीती मालकालाच गिळावी लागते.

दुसरा शत्रू जास्त चिवट होता. क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग इथल्या दोन माफिया टोळ्यांची हद्द यंगस्टाऊनमध्ये मिळत होती, आणि हद्दीच्या गावात जे होतं तेच इथे झालं. पन्नास आणि साठच्या दशकांत मोटारीखाली बाँब लावून माणसं उडवण्याचे प्रकार इतके झाले की १९६३मध्ये एका राष्ट्रीय नियतकालिकाने या शहराला 'गुन्ह्यांचं गाव' म्हणून देशभर प्रसिद्ध केलं. हे जुनं झालं म्हणावं, तर १९९६च्या नाताळच्या आदल्या रात्री टोळीने नुकत्याच निवडून आलेल्या सरकारी वकिलावर त्याच्या घरात शिरून गोळ्या झाडल्या. तो वाचला. पुढच्या काही वर्षांत केंद्रीय तपास यंत्रणेने न्यायाधीश, वकील, शेरीफ धरून सत्तरहून जास्त लोकांना दोषी ठरवून घेतलं. इथलेच खासदार जेम्स ट्रॅफिकंट २००२मध्ये लाचखोरीसह दहा आरोपांत दोषी ठरले आणि प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध १ मतांनी त्यांची हकालपट्टी केली.

अशा गावात रोज कोर्टात बसणारा, नगरपालिकेच्या सभेत शेवटच्या विषयापर्यंत थांबणारा बातमीदार असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याचा पगार मात्र कोर्टाच्या बातमीतून कधीच निघत नव्हता.

पगार कुठून निघत होता

अमेरिकी दैनिकांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा, सुखाच्या काळात साधारण चार पंचमांश, जाहिरातींचा असे. वाचकाने दिलेल्या पैशांत जेमतेम कागद आणि वाटप भागायचं. वाचक हा गिऱ्हाईक कमी आणि विकायचा माल जास्त. ऐकायला हे कडवट आहे, पण पेपरच्या जाहिरात खात्यात चार महिने काढलेल्या कुणालाही विचारा.

यंगस्टाऊनच्या मुख्य रस्त्यावर 'स्ट्रॉस' आणि 'मॅकेल्वी' अशी दोन मोठी बहुमजली दुकानं होती. साड्यांच्या सेलच्या दिवसांत आपल्याकडचे पेपर कसे जाड होतात ते आठवा; तसं तिथे या दुकानांच्या जिवावर वर्षभर चाले. बरोबरीने मोटारविक्रेते, किराणा दुकानं, फर्निचरवाले, आणि छोट्या जाहिराती: खोली भाड्याने देणे आहे, कारखान्यात माणूस पाहिजे, जुनी गाडी विकणे आहे. छोट्या जाहिरातींना संपादकीय खात्यात कुणी भाव देत नसे, पण दर ओळीमागे सगळ्यात जास्त पैसा त्याच देत.

पेपर बराच काळ दुपारनंतरचा होता. पोलादाच्या गावात ते सोयीचं होतं. पहिली पाळी सुटली, घरी आलं, हातपाय धुतले, की अंक दारात. भरभराटीच्या काळात खप रोज सुमारे एक लाख आणि रविवारी सुमारे एक लाख साठ हजार होता.

१९ सप्टेंबर १९७७ला, सोमवारी, 'यंगस्टाऊन शीट अँड ट्यूब' कंपनीने कॅम्पबेल इथला मोठा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका फटक्यात सुमारे पाच हजार कामगार घरी बसले. तिथे आजही त्या दिवसाला 'काळा सोमवार' म्हणतात. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या भट्ट्याही विझल्या आणि खोऱ्यातल्या रोजगाराचं नुकसान चाळीस हजारांच्या पुढे गेलं. मुंबईत १९८२च्या संपानंतर गिरणगावाचं जे झालं ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना क्रम ओळखीचा वाटेल: आधी भोंगा बंद होतो, मग खानावळ, मग कोपऱ्यावरचा शिंपी. एक फरक होता. गिरणगावाभोवती मुंबई होती आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. यंगस्टाऊनमध्ये रिकाम्या घरांना पाडण्याच्या खर्चाइतकीही किंमत उरली नाही.

१९३०मध्ये शहराची लोकसंख्या १,७०,००२ होती. २०२०मध्ये ती ६०,०६८ झाली.

इथे माझा सिद्धांत छान जुळत होता. गाव आटलं, दुकानं आटली, जाहिराती आटल्या, पेपर मेला. मग मी जिल्ह्याचे आकडे पाहिले आणि थबकलो. महोनिंग काउंटीची लोकसंख्या १९७०मध्ये तीन लाखांच्या थोडी वर होती आणि २०२०मध्ये सुमारे २ लाख २९ हजार. म्हणजे घट पंचवीस टक्क्यांच्या आसपास. शहरातून उठलेली पुष्कळ माणसं बोर्डमन, ऑस्टिनटाऊन अशा लगतच्या वस्त्यांत गेली होती आणि पेपर तिथेही जात होता. याउलट खप एक लाखावरून २०१९मध्ये २५ हजारांवर आला होता, रविवारचा ३२ हजारांवर. तीन चतुर्थांश वाचक गेले. एवढी माणसं काही खोऱ्यातून उठून गेली नव्हती.

तेव्हा इंटरनेटला निर्दोष सोडता येत नाही. अमेरिकेतल्या सगळ्या वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होतं, ते २०१८मध्ये सुमारे १४ अब्जांवर आलं. छोट्या जाहिराती तर २००० साली जवळजवळ २० अब्ज डॉलर आणत होत्या; बारा वर्षांत त्या पाच अब्जांच्या खाली गेल्या, कारण क्रेगलिस्टसारख्या संकेतस्थळांवर त्या फुकट टाकता येत होत्या. हा तडाखा पुण्यासारख्या वाढत्या शहरातल्या पेपरलाही बसला असता. फरक इतकाच की वाढत्या शहरातल्या पेपरकडे तडाखा सोसायला चरबी असते. व्हिंडिकेटरची चरबी स्ट्रॉस आणि मॅकेल्वीबरोबर केव्हाच गेली होती. मॅकेल्वीची पाटी उतरलेलीच होती. १९८६मध्ये स्ट्रॉस पिट्सबर्गच्या 'कॉफमन' साखळीत विलीन झालं. मॉल बोर्डमनला गेला. आणि साखळी दुकानाची जाहिरात ठरवणारा माणूस यंगस्टाऊनमध्ये राहत नाही, त्यामुळे त्याला व्हिंडीची भीड नसते. स्थानिक दुकानदार अर्धी जाहिरात हिशेबाने देतो आणि अर्धी संबंधाने. संबंधाची अर्धी आधी गेली, हिशेबाची नंतर.

काय करून पाहिलं

मालक हातावर हात धरून बसले होते असं नाही. त्यांनी अंकाची किंमत वाढवली, खर्च कापला, नवं छपाईयंत्र आणलं. बाहेरची छपाईची कामं मिळतील आणि यंत्राचा खर्च निघेल असा तो हिशेब; तो फसला. कामगार संघटनांकडून पगारात सवलती मागितल्या आणि काही मिळाल्याही. २००४च्या नोव्हेंबरात याच वादातून संप झाला, तो सुमारे आठ महिने चालला. संपाचा दोष कुणाचा यावर त्या गावात अजून दोन तट असतील, पण आठ महिने तुटलेला वर्गणीदार पूर्णपणे परत येत नाही, हे कुठल्याही गावात खरं आहे.

शेवटी विकायचा प्रयत्न झाला. गिऱ्हाईक मिळालं नाही. माझ्या मते प्रकरणाची खरी गाठ इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

अमेरिकेत तोट्यातला स्थानिक पेपर घेणारे असतात. मोठ्या साखळ्या आणि त्यांच्यामागचे गुंतवणूकदार असे पेपर घेतात, इमारत विकतात, बातमीदार चाळीसवरून सहावर आणतात, पानं एजन्सीच्या मजकुराने भरतात आणि उरलेल्या वर्गणीदारांकडून जमेल तितकी वर्षं पैसे काढतात. नाव तेच, अक्षरांचं वळण तेच, आत कुणी नाही. तिथे याला 'भुताटकीचा पेपर' म्हणतात. व्हिंडिकेटर असा होऊ शकला असता. तो झाला नाही, कारण घराण्याने वीस वर्षं तोटा सोसून माणसं ठेवली. १४४ कर्मचारी आणि २५ हजार खप: हे प्रमाण पाहिलं तर कुठल्याही साखळीचा हिशेबनीस कपाळाला हात लावेल. म्हणून विकत घेणाऱ्याला तिथे कापण्यासारखं बरंच होतं, पण कापायचं म्हणजे संघटनांशी भांडण आलं. शिवाय थोडं थांबलं तर माणसांशिवायचं उरलेलं सगळं स्वस्तात मिळण्यासारखं होतं.

आणि तसंच झालं. पलीकडच्या ट्रम्बुल काउंटीतलं, वॉरन इथलं 'ट्रिब्यून क्रॉनिकल' हे दैनिक 'ऑग्डन न्यूजपेपर्स' या साखळीचं. ऑगस्टमध्ये त्यांनी व्हिंडिकेटरचं नाव, वर्गणीदारांची यादी आणि संकेतस्थळाचा पत्ता विकत घेतला. इमारत नाही, यंत्र नाही, संघटनांशी झालेले करार नाहीत. व्यापार म्हणून यात वावगं काही नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर कदाचित थांबलोच असतो.

दुसरा एक रस्ता त्याच वर्षी उघडला. २०१९च्या शेवटाला सॉल्ट लेक सिटीच्या 'सॉल्ट लेक ट्रिब्यून'ला करखात्याने ना-नफा संस्था म्हणून मान्यता दिली. जुन्या मोठ्या दैनिकाला अशी मान्यता मिळण्याची ती पहिली वेळ. यंगस्टाऊनला हे जमलं असतं का? देणग्यांवर पेपर चालायचा तर गावात देणारे हवेत. ज्या गावात २०१८च्या सप्टेंबरात नॉर्थसाइड रुग्णालय बंद झालं आणि २०१९च्या मार्चमध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाऊनला जनरल मोटर्सने गाड्या बनवणं थांबवलं, तिथे झोळी फिरवायची कुणापुढे? रुग्णालय, कारखाना, पेपर. एका वर्षाच्या आत तीन. पहिल्या दोघांच्या बातम्या तिसऱ्याने दिल्या होत्या.

पेपर गेल्यावर

१ सप्टेंबरला वर्गणीदारांच्या दारात अंक पडला. नाव 'द व्हिंडिकेटर'च होतं. छापला होता वॉरनमध्ये, वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि तो ट्रिब्यून क्रॉनिकलचीच एक आवृत्ती होता. जुन्यांपैकी काही बातमीदार तिकडे गेले. काही जण 'महोनिंग मॅटर्स' या नव्या संकेतस्थळावर गेले. मॅक्लॅची ही वृत्तपत्र कंपनी आणि गूगल यांनी मिळून ते ऑक्टोबरमध्ये सुरू केलं. स्थानिक जाहिरातींचा पैसा ज्यांच्याकडे वाहत गेला त्यांच्याच पैशावर स्थानिक बातमीचा प्रयोग! यावर हसायचं की आभार मानायचे हे माझं मला ठरवता आलेलं नाही.

तेव्हा यंगस्टाऊन बातम्यांविना राहिलं असं म्हणता येणार नाही. शेजारच्या पेपरची आवृत्ती होती, संकेतस्थळ होतं, टीव्हीची केंद्रं होती. पण चाळीस माणसांची खोली आणि पाच माणसांची खोली यांत फरक पडतो तो मोठ्या बातम्यांत नाही. मोठा खून, मोठी आग, महापौराची निवडणूक पाच माणसंही देतात. सुटतात त्या शाळामंडळाच्या सभा, पाणीपुरवठ्याची निविदा, कोर्टातली चौथी तारीख. ट्रॅफिकंटसारखी प्रकरणं अशाच कंटाळवाण्या जागी पहिल्यांदा दिसतात.

याचं मोजमापही झालं आहे. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी पेपर बंद पडलेल्या काउंटींमधले नगरपालिकांचे कर्जरोखे तपासले, तेव्हा पेपर गेल्यानंतर कर्जाचा व्याजदर ५ ते ११ बेसिस पॉइंटांनी चढलेला आढळला, म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाला पाच ते अकरा पैसे. आकडा किरकोळ दिसतो, पण काही कोटी डॉलरच्या, वीस-तीस वर्षांच्या कर्जावर तो लावून पाहा. कर्ज देणाऱ्याला गावाच्या लोकशाहीची काळजी नसते. कारभाराकडे कुणी पाहत नाही, म्हणून तो जोखमीचे पैसे जास्त घेतो. ओहायोतच सिनसिनाटीचा 'पोस्ट' २००७च्या शेवटच्या दिवशी बंद झाला, तेव्हा त्याचा खप जिथे होता त्या शेजारच्या केंटकी राज्यातल्या गावांत पुढच्या निवडणुकांना उमेदवार कमी उभे राहिले आणि सत्तेवर असलेल्यांचं निवडून येणं सोपं झालं, असं एका अभ्यासात दिसलं.

आणखी एक अडचण आली, ती बाहेरच्यांच्या लक्षातही येणार नाही. लिलाव, निविदा, जप्ती यांच्या जाहीर नोटिसा स्थानिक पेपरात छापणं कायद्याने बंधनकारक असतं. आपल्याकडेही वारसहक्काची नोटीस, नाव बदलल्याची नोटीस कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानावर येतेच, आणि अनेक तालुका साप्ताहिकांची चूल त्यावरच पेटते. पेपर बंद झाला की नोटीस छापायची कुठे, असा प्रश्न सरकारी कार्यालयांपुढे उभा राहतो. ऑग्डनने नाव विकत घेतलं याला ही बाजूही असावी, असा माझा अंदाज आहे. नाव जिवंत ठेवलं की नोटिसांचा ओघही सुरू राहतो.

माग घराण्याबद्दल एक राहिलं. १९३९मध्ये धाकट्या विल्यम माग यांनी रेडिओ केंद्र काढलं, १९५३मध्ये टीव्ही केंद्र. नाव ठेवलं डब्ल्यूएफएमजे: विल्यम एफ. माग ज्युनियर यांचीच आद्याक्षरं. ते टीव्ही केंद्र २०१९मध्ये बंद झालं नाही, विकलंही गेलं नाही. तीच मालकी, तेच गाव, तीच आटलेली बाजारपेठ. पण टीव्हीला कागद लागत नाही, पहाटे तीनला गाडी लागत नाही, अंक टाकणारी २५० माणसं लागत नाहीत, आणि निवडणुकीच्या वर्षी ओहायोसारख्या राज्यात उमेदवारांच्या जाहिरातींचा पाऊस पडतो तो टीव्हीवर. व्हिंडिकेटर बंद होत असल्याच्या बातम्या यंगस्टाऊनकरांनी सप्टेंबरपर्यंत ज्या पडद्यांवर पाहिल्या, त्यांतल्या एकावर कोपऱ्यात ती चार अक्षरं होती.